दात, दाद आणि हॉर्न

पुणे-बंगळूर महामार्ग उशाला घेऊन झोपणाऱ्या मलकापूरकराला आणखी हॉर्न ऐकायची हौस असेल, असं कुणाला वाटणार नाही. इथे उसाचा ट्रॅक्टर वाजतो, एसटी वाजते, आणि लग्नसराईत वरात आडवी आली की तिच्या दोन्ही अंगांना अडकलेलं सगळंच वाजतं. तरी हल्ली रात्रीची जेवणं उरकली की मी हॉर्न आणि पियानोची मैफल लावून बसतो. घरच्यांनी आधी काळजी केली. आता नुसतं दार ओढून घेतात.

हा हॉर्न पितळेचा, जिलबीसारखा वेटोळी घातलेला. उलगडून सरळ केला तर नळी 12 फुटांच्या घरात भरेल. मूळचा तो रानातला. युरोपातले सरदार शिकारीला निघाले की त्यांची माणसं घोड्यावरून तो फुंकायची. आपलं शिंग आणि तुतारी त्याच्याच भावकीतली. पण तुतारी राहिली देवळाच्या दारात, मिरवणुकीत, आणि 2024 पासून मतदानयंत्रावर. हा गडी मात्र थेट दिवाणखान्यात शिरला आणि पियानोशेजारी जाऊन बसला. उघड्यावर वाढलेल्यानं घरात येऊन आवाज बेतात ठेवायचा, हे सोपं काम नव्हे. आपल्याकडे ते सनईला साधलं. नगारखान्यातून उतरून बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या ओठांवर ती मैफलीत आली, आणि ती कधी बाहेर होती हे लोक विसरून गेले.

शेजारचे बापू तरुणपणी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. एका रात्री त्यांना मी मोबाइलवर बीथोव्हेनचा हॉर्न-पियानो सोनाटा दाखवला. बापूंनी सूर नंतर ऐकले, आधी वादकाचे हात बघितले.

"मास्तर, बटणं डाव्या हाताला? उलटंच की हे. आणि उजवा हात भोंग्यात कशाला घातलाय?"

प्रश्न नेमका होता. बीथोव्हेनच्या काळी हॉर्नला बटणं नव्हतीच. बटणांनी चालणाऱ्या झडपांचं पेटंट बर्लिनमध्ये निघालं ते 1818 साली. तोवर नुसत्या ओठांच्या ताणावर निघतील तेवढेच ठरावीक सूर. मधले हवे असतील तर उजवा पंजा भोंग्यात घालून तो कमी-जास्त झाकायचा. उजवा हात असा आत गुंतलेला, म्हणून पुढे बटणं आली ती डाव्याच्या वाट्याला. त्यांनी हाताचं बरंचसं काम काढून घेतलं, पण हात काही तिथून हलला नाही. जुन्या कारकुनाची खुर्ची कुणी हलवत नाही, हे मी सांगायच्या आधीच बापूंनी ओळखलं होतं.

इतक्यात वादकानं हॉर्न उलटा केला, एक नळी उपसून झटकली. दोन थेंब जमिनीवर पडले. बापू खूश झाले. "हे आमच्यातलंच!" फुंकरीची वाफ पितळेत थंडावते आणि पाणी साचतं, मग व्हिएन्ना असो की वरात. चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी नाव झालेल्या आमच्या गावाला या पाण्याचं कौतुक कुणी वेगळं सांगायला नको.

हा सोनाटा ज्याच्यासाठी लिहिला तो जोव्हानी पुंटो. नाव इटालियन, माणूस बोहेमियातला. खरं नाव यान स्टिख. एका सरदाराच्या पदरी वेठीला होता, तिथून पळाला. म्हणतात, सरदारानं त्याच्यामागे माणसं धाडली आणि हुकूम दिला: धरून आणता आला नाही तरी चालेल, पण त्याचे पुढचे दात पाडा, म्हणजे पुन्हा फुंकायला नको. तो निसटला, नाव बदललं आणि युरोपभर गाजला.

बापूंनी ओठांवरून बोट फिरवलं. त्यांचे पुढचे दात गेले त्या वर्षी ट्रम्पेटही गेलं. कवळीवर फुंकर बसत नाही. "दात पाडायला माणसं धाडली म्हंजे बरा वाजवत असणार," ते म्हणाले. एवढं नेमकं परीक्षण मी समीक्षकांच्या लेखातही वाचलेलं नाही.

पहिला भाग संपला आणि बापूंनी टाळ्या वाजवल्या. मी शहाण्यासारखं सांगितलं, तीन भाग संपेपर्यंत टाळ्या वाजवायच्या नसतात.

"मग त्याला कळायचं कसं?"

मला आठवली 18 एप्रिल 1800 ची व्हिएन्ना. पियानोवर खुद्द बीथोव्हेन, हॉर्नवर पुंटो. बीथोव्हेनचा शिष्य रीस सांगतो की सोनाटा लिहायला घेतला होता आदल्या दिवशी. तिथल्या दरबारी नाट्यगृहात जोरात टाळ्या वाजवायला आणि पुन्हा वाजवा म्हणायला नुकतीच बंदी झाली होती. लोकांनी इतकं डोक्यावर घेतलं की दोघांना अख्खा सोनाटा पहिल्यापासून पुन्हा वाजवावा लागला. बालगंधर्वांचं नागठाणे आमच्यापासून फार लांब नाही. वन्समोअर घेणारं पब्लिक कसं असतं हे या भागाला समजावून सांगावं लागत नाही. अदबीनं गप्प बसायची रीत या संगीताला नंतर चिकटली. त्याआधी तिथेही आपल्यासारखीच माणसं बसली होती, आणि त्यांना राहवलं नव्हतं.

हे सगळं मी बापूंना सांगितलं. तोवर इकडे सोनाटा संपून गेला होता, आणि बोलण्याच्या भरात उरलेले दोन्ही भाग आम्ही कुणीच ऐकले नव्हते.

"मग लावा की पुन्हा पहिल्यापासून," बापू म्हणाले.