ताप गेला आणि पुरळ आलं

अगं मनाली, आत कशाला येतेस, कुंपणावरूनच दाखव. उचल जरा त्याला. झबलं वर कर. हं, आता पाठ फिरव. बघितलंस, पोटावर आणि पाठीवर दाट आहे, तोंडावर जवळजवळ नाहीच. आणि महाराजांचं चाललंय काय, तर माझ्या जास्वंदीच्या कळ्या खुडणं! ताप कधी उतरला म्हणालीस? काल रात्री. आणि हे आज सकाळी उठलं. त्याआधी तीन दिवस ताप, 103 पर्यंत. सर्दी-खोकला? फारसा नाही. दात येताहेत म्हणून ताप, असं सासूबाई म्हणत होत्या ना? त्यांना म्हणावं, दातांनी एवढा ताप येत नाही. नको, तू नको म्हणूस, मीच म्हणेन. माझ्यावर त्यांचा राग आधीचाच आहे.

कॉलनीच्या ग्रुपवर फोटो तूच टाकलास ना? सकाळपासून माझा फोन वाजतोय. एकीनं कांजिण्या ठरवल्या, एकीनं ॲलर्जी, आणि कोपऱ्यावरच्या वहिनींनी तर हळदीचा लेप लावायचा हुकूमच काढला. फोटो बघून कुणाला काय कळणार? माझी सगळी नोकरी मुलांच्या वॉर्डात गेली, पण नुसत्या ठिपक्यांवरून मी नाव सांगणार नाही. आमचे मोठे डॉक्टरसुद्धा आधी आईला विचारायचे, ताप आधी की पुरळ आधी? पुरळ आल्यावर ताप उतरला की चढला? कुठून सुरू झालं? मूल खेळतंय की मलूल पडलंय? मग कुठे कपडे काढायला सांगायचे.

आता तुझ्या पोराचंच बघ. चौदा महिन्यांचा, तीन दिवस सणसणीत ताप, ताप गेल्यावर अंगावर गुलाबी ठिपके, आणि अंगात मस्ती. हे बहुतेक रोझिओला. सहा महिने ते दोन वर्षं, या वयातलंच दुखणं. जुने डॉक्टर याला ‘सहावा रोग’ म्हणायचे, पुरळाच्या आजारांना तेव्हा नंबर दिलेले. गोवर पहिला. चौथा पुढे यादीतून उडाला, पण सहावा सहावाच राहिला! एक-दोन दिवसांत जाईल, डागही राहणार नाही. तरी संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून ये. कुंपणावरची नर्स म्हणजे डॉक्टर नव्हे.

गोवर असता तर गोष्टच उलटी. त्यात पुरळ येतं तेव्हा ताप उतरत नाही, चढतो. आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, नाक वाहतंय, डोळे लाल, उजेड सोसत नाही, पोर नुसतं किरकिरतं. मग कानामागून आणि केसांच्या कडेनं पुरळ सुरू होतं, तोंडावर येतं, तिथून छाती-पोट करत पायांपर्यंत उतरतं. पुरळाच्या आधी गालाच्या आतून, दाढांसमोर, बारीक पांढरे ठिपके दिसतात. कॉप्लिक नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ते 1896 साली लिहून ठेवले, म्हणून त्यांचंच नाव पडलं. बॅटरी मारून तोंडात बघायला आम्ही त्यासाठीच शिकलो.

आणि गोवर म्हणजे काय, येतो नि जातो, असं म्हणणाऱ्यांचा मला भारी राग येतो. पुरळानं पोर दगावत नाही, पण त्यामागून येणाऱ्या न्यूमोनियानं आणि जुलाबानं दगावतं. 2022 मध्ये मुंबईत गोवंडीला केवढा उठला होता, मग भिवंडी, मालेगाव. करोनाच्या गडबडीत कितीतरी मुलांच्या लशी राहून गेल्या होत्या. रोगी खोलीतून गेल्यावरही दोन तास हवेत विषाणू राहतो, आणि लस नसलेली दहा मुलं जवळपास असली तर नऊ जणांना धरतो. बरा झाल्यावरही पोर पुढे कितीतरी दिवस बाकीच्या दुखण्यांना सापडत राहतं. आमच्याकडे गोवराचं पोर आलं की लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचा डोस द्यायचोच, डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. आणि घरी काय चालायचं? बाहेर पडू दे म्हणे सगळा, औषध देऊ नका, आंघोळ घालू नका, खोलीत अंधार करा! पोराला प्यायलासुद्धा बेतानंच. उशाला लिंबाचा पाला ठेवा हवं तर, माझी हरकत नाही, पण पाणी तरी पाजा.

रंगाचं म्हणशील तर आणखी एक गोम आहे. पुस्तकातली चित्रं गोऱ्या पोरांची, लालभडक. आपल्याकडच्या सावळ्या पोराच्या अंगावर तोच गोवर काळपट दिसतो, कधीकधी तर दिसतच नाही, हाताला खरखरीत तेवढा लागतो. म्हणून मी दिवसाच्या उजेडात बघते, हात फिरवून बघते, तळवे आणि तोंडाची आतली बाजू बघते.

बरं, आता एक काचेचा पेला आण. स्टीलचा नव्हे गं, आपल्या घरी ग्लास म्हटलं की स्टीलचाच येतो! आरपार दिसायला हवं. हां, पोटावर दाबून धर. ठिपके पुसट झाले ना? छान. दाबूनही जे जात नाहीत, जांभळट, टाचणीच्या टोकाएवढे, ते कातडीखालचं रक्त असतं. ताप आणि असले ठिपके एकत्र दिसले की संध्याकाळची वाट बघायची नाही, होईल त्या वाहनानं हॉस्पिटल गाठायचं. मेंदूज्वराचा जंतू रक्तात गेलेला असू शकतो, डेंग्यू असू शकतो. डेंग्यू तर असा लबाड की ताप उतरल्यावर घरचे हुश्श करतात आणि खरा धोका तेव्हाच सुरू होतो. पोट दुखतंय, सारखी उलटी, लघवी कमी, हातपाय गार, पोर झोपाळलेलं, यातलं एक जरी असलं तरी पुरळाकडे बघत बसू नये.

कांजिण्या नाहीत गं, ग्रुपवर तसं ठरवणारीला सांग. कांजिण्यांत कातडीवर पाण्याचा थेंब ठेवल्यासारखा फोड येतो, खाज सुटते, आणि एकाच वेळी कुठे ठिपका, कुठे फोड, कुठे खपली असं सगळं दिसतं. सगळ्या खपल्या धरेपर्यंत पोर घरात. शेवटच्या गल्लीतल्या त्या बाईंनी काय केलं माहितीय? फोड ओले असताना मुलीला पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घालून वाढदिवसाला पाठवलं. केकसकट कांजिण्या वाटल्या! आणि तापाला म्हणून जोड-औषध पाजत होत्या. कांजिण्यांत ॲस्पिरिन नको, आयबुप्रोफेनही नको. साधं पॅरासिटामॉल, तेही वजनाच्या हिशेबानं.

त्याच मुलीच्या बालवाडीत पावसाळ्यात हात-पाय-तोंडाचा आजार आला होता. तळहात-तळपाय, ढुंगणावर पुरळ, तोंडात छाले. आपोआप बरा होतो, पण काही मुलांची नखं महिन्या-दीड महिन्यानं गळतात आणि आया पुन्हा रडायला लागतात. नवी येतात गं. केरळात 2022 मध्ये टोमॅटो फ्लू म्हणून केवढी घबराट झाली, तोही याच घरातला निघाला.

पाच दिवस ताप हटतच नाही, डोळे लाल पण चिकटा नाही, ओठ फुटलेले, जीभ लालबुंद, असं कधी झालं तर डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण बघायचा. तो लाल होऊन सुजला असेल तर कावासाकी आजाराची शंका घ्यायची. हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धरतो, पहिल्या दहा दिवसांत इंजेक्शन मिळालं तर बरं. आणि विदर्भात तुझ्या माहेरी ताप आला तर काखेत, जांघेत, कानामागे काळी, न दुखणारी खपली शोधायची. स्क्रब टायफसचा किडा तिथे चावलेला असतो. नागपूरकडे 2018 मध्ये त्याचे बरेच रुग्ण झाले होते.

लसीचं कार्ड सापडलं? नवव्या महिन्यातला गोवर-रुबेला झालाय, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. विसरू नकोस.

रुबेलावरून आठवलं, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगायचे. 1941 साली सिडनीत ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं यायला लागली, एकामागून एक. बाहेर बसलेल्या दोन आया बोलत होत्या, मला गरोदरपणी रुबेला झाला होता, अगं मलाही. ग्रेगनी ते ऐकलं आणि धागा जुळवला. पोराला काय, किरकोळ पुरळ, दोन-तीन दिवसांचं. पण पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय जातं, आणि गरोदर बाईला ती लसही देता येत नाही.

आणि म्हणूनच विचारते, तुझी धाकटी जाऊ उद्या येणार होती ना, तिसरा महिना चाललाय ना तिला? डॉक्टर बघेपर्यंत तिला थांबव. फोन मात्र तूच कर, आणि आत्ता कर. सासूबाईंनी आधी केला तर पोराला देवी आल्यात म्हणून सांगून मोकळ्या होतील.