अक्कल गुडघ्यात

अक्कल गुडघ्यात असते, हा आपल्याकडे टोमणा समजला जातो. विमान कंपन्यांनी मात्र तो शरीरशास्त्राचा नियम म्हणून सिद्ध करायला घेतला आहे. विमानात डोळ्यांवर आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हीआरचा डबा चढवला की डोळे समुद्रकिनारा बघतात, कान लाटा ऐकतात, दोघेही बिनतक्रार फसतात. पुढच्या सीटची पाठ कुठे आहे, हे गुडघ्याला तेवढं बरोबर कळत असतं. या पाठीचा हिशेब २०१७ साली अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयापुढे आला होता. दोन रांगांमधलं अंतर पूर्वी सरासरी ३५ इंच होतं, ते ३१ वर आलं, काही विमानांत २८ वर. सीटची रुंदीही साडेअठरावरून सतरा इंचांवर आली. याच काळात प्रवासी आखूड किंवा अरुंद झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. न्यायालयानं नियामकाला या प्रश्नाचा फेरविचार करायला सांगितलं. दरम्यान तंत्रज्ञांनी जास्त सोपा उपाय शोधला होता: जागा द्यायची नाही, दाखवायची.

एवढ्यावर हा उपाय निदान तर्काला धरून आहे. गंमत आहे ती त्याच्या वाटपात. क्वांटासनं २०१५ मध्ये हे हेडसेट विमानात आणले ते सिडनी आणि मेलबर्नहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या ए-३८० च्या फर्स्ट क्लासमध्ये. ब्रिटिश एअरवेजनं २०१९ मध्ये लंडन-न्यूयॉर्क मार्गावर चाचणी घेतली, तीही फर्स्ट क्लासमध्येच. लुफ्तान्सानं २०२४ मध्ये मेटाचे हेडसेट दिले ते बिझनेस क्लासच्या नव्या सुइटमधल्या पाहुण्यांना. म्हणजे ज्याची सीट पलंगासारखी सपाट होते, त्याला मोकळ्या जागेचा आभास आणि बत्तिसाव्या रांगेत मध्ये बसलेल्याला निखळ वास्तव. एमिरेट्सनं २०१७ मध्ये मधल्या फर्स्ट क्लास सुइटना चक्क आभासी खिडक्या बसवल्या. बाहेरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं आकाश आत पडद्यावर दिसतं. जेवून उठलेल्याला पुन्हा पानावर बसवायचं आणि भुकेल्याला पंगतीचा फोटोही दाखवायचा नाही, असा हा कारभार.

यावर सांगितलं जातं की नवं तंत्र आधी महागच असतं, हळूहळू मागच्या रांगांपर्यंत झिरपतं. झिरपेलही, पण विमानात झिरपणाऱ्या गोष्टीचं वजन होतं. मेटाचा क्वेस्ट ३ हा हेडसेट ५१५ ग्रॅमचा आहे. १८० सीटच्या विमानात प्रत्येकाला एक दिला तर सुमारे ९३ किलो होतात, म्हणजे तिकीट न काढलेला एक चांगला जाडजूड प्रवासी. ज्या धंद्यात सॅलडमधलं एक ऑलिव्ह कमी करून वर्षाला ४० हजार डॉलर वाचवल्याची कथा अमेरिकन एअरलाइन्सच्या नावावर अभिमानानं सांगितली जाते, तिथं हा फुकटा प्रवासी कोण नेणार? फार तर प्रवाशानं स्वतःचा डबा आणावा आणि तो हातातल्या बॅगेच्या वजनात मोजून घ्यावा.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. स्वस्त तिकीट हवं म्हणून आपणच ओरडलो, मग इंच मोजायचा हक्क आपल्याला कुठून आला? खरं आहे, पाकीट गुडघ्याला विचारून उघडत नाही. पण स्वस्ताईचा सौदा असेल तर तो सौदा म्हणूनच सांगावा, त्यावर ‘अनुभव’ असं लेबल कशाला? विमानाची भीती वाटणाऱ्यांना मन शांत करणारी दृश्यं दाखवायची कल्पना ब्रिटिश एअरवेजनं मांडली, ती मात्र हसण्यावारी नेऊ नये. त्या माणसाचं दुःख खरं असतं. अडचण एवढीच की विमान वळलं की हेडसेटला वाटतं मालकानं मान वळवली, आणि समोरचा किनारा सरकू लागतो. डोळे एक सांगतात, कानातला तोल सांभाळणारा भाग दुसरंच सांगतो आणि निकाल पोट लावतं. म्हणून या यंत्रांना खास प्रवासासाठीची सोय द्यावी लागली. आपण विमानात आहोत हे विसरायचं असेल, तर आधी यंत्राला आपण विमानात आहोत हे बजावून सांगावं लागतं.

आता हा डबा खरोखरच मधल्या सीटपर्यंत पोचला, असं धरून चालू. त्यातली बटणं हवेत हात फिरवून दाबता येतात. आपला मधला प्रवासी निळ्या समुद्रावर तरंगत, ऐसपैस हात पसरून ‘पुढे’चं बटण दाबायला जाईल. हात टेकायच्या दांडीवरून आधीच धुसफुसणाऱ्या शेजाऱ्याच्या हातात त्या वेळी दीडशे रुपयांचा चहा असेल. तो चहा नेमका कोणत्या वास्तवात सांडला, हे ठरवायला केबिन क्रूला बोलवावं लागेल.