पहिलीच्या बाई

मुलं दरसाल दुसरीत जातात. पहिलीच्या बाई सत्तावीस वर्षं पहिलीतच आहेत. पर्समध्ये खडूचे तुकडे, सेफ्टी पिना आणि एक रुमाल, तोही दुसऱ्यांच्या नाकांसाठी. भाजीवाल्याकडे त्या 'को-थिं-बीर' अशी अक्षरं सुटी करून मागतात. लग्नपत्रिका आली की मुहूर्ताआधी वेलांट्या बघतात. 'आशिर्वाद' छापणाऱ्यांकडे आहेर साधाच न्यायचा, हा घरचा नियम.

बाई 'ग म भ न'पासून सुरुवात करतात. "'अ'पासून का नाही?" असं एखाद्या पालकानं विचारलं, तर म्हणतात, "ही चौघं एकाच वळणाची. एकाला हात बसला की बाकीची मागोमाग येतात." अडतं ते चित्रांच्या तक्त्यावर. ऐरण बघितलेलं एकही पोर वर्गात नाही. ऋषी दिसले की सगळे 'बाबा' म्हणतात. आणि 'ण' बाणाचा.

"पण बाई, बाण तर 'ब'चा!"

सत्तावीस वर्षांत याला उत्तर सापडलेलं नाही. बाई म्हणतात, "जा, पाणी पिऊन या."

पुढे खरी गंमत. पहिली वेलांटी लिहायची आधी, म्हणायची नंतर. 'र' तर 'चक्र'मध्ये पायात येतो, 'सूर्य'मध्ये पुढच्याच्या डोक्यावर चढतो. "हा काही जागेवर बसत नाही," असं बाई म्हणाल्या की अख्खा वर्ग खिडकीपाशी बसणाऱ्या एका पोराकडे बघतो.

2021मध्ये 'निपुण भारत' आलं आणि वाचनाला टक्के लागले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं त्यात होतं. 'समजून'खाली बाईंनी लाल पेनानं रेघ मारली. केंद्रप्रमुख आले, तेव्हा खिडकीजवळच्या पोरानं अख्खा धडा खडाखडा वाचला. साहेबांनी खुशीत खूण केली. बाई उठल्या, त्याच्या हातातलं उलटं पुस्तक सुलट केलं आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. पोरगं गप्प.

"साहेब, खोडा ती खूण. हे पाठांतर झालं."

स्वतःच्या वर्गाचे टक्के स्वतः खाली आणणारी बाई साहेबांनी पहिल्यांदाच बघितली.

परवा तेच पोरगं आईबरोबर एसटी स्टँडवर भेटलं. भिंतीकडे बघत ओठ हलवत होतं. "थु... कु... न... ये." क्षणभर थांबलं आणि ओरडलं, "बाई, थुंकू नये!"

रंगाऱ्यानं अनुस्वार खाल्ला होता, दुसरा उकारही चुकवला होता. भिंतीवर नसलेला अनुस्वार पोरानं पदरचा घातला होता.

बाईंचा हात सवयीनं पर्समधल्या खडूकडे गेला. बाहेर आला तो रुमाल. या वेळी नाक त्यांचं स्वतःचं होतं.