शेठ, टॉनिक टाकू का?

द्राक्षवाल्याच्या हाताला एक खोड असते. समोर टाकी दिसली आणि जवळपास एखादी बाटली असली, की झाकण आपोआप फिरायला लागतं. छाटणीपासून काढणीपर्यंत आम्ही फवारणीच्या टाकीत जे काही ओततो, त्याची यादी लग्नाच्या बस्त्याच्या यादीपेक्षा लांब भरेल. बुरशीनाशक, कीटकनाशक, स्टिकर, पाण्याचा पीएच उतरवायला आम्ल, आणि कृषी सेवा केंद्रवाल्याने “घेऊन तर बघा, शेजारच्या गावात रिझल्ट आहे” म्हणत पिशवीत सरकवलेलं एखादं टॉनिक. त्या टॉनिकात काय असतं ते त्यालाही माहीत नसतं. बाग चांगली आली तर ती टॉनिकमुळे, आणि गेली तर हवामानामुळे, एवढं मात्र त्याला पक्कं माहीत असतं.

हे आधी सांगितलं, कारण पंपावर माझं जे झालं ते त्याशिवाय कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी जुनी गाडी काढून आम्ही नवा पिकअप घेतला, बीएस-६. टोमॅटोच्या दिवसांत पिंपळगाव बसवंतचा बाजार, द्राक्षाच्या दिवसांत कधीमधी वाशी, आणि एरवी घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या पाहुण्यांच्या सगळ्या लग्नांची भांडी. तिसऱ्याच खेपेला पंपावरच्या पोराने नोझल टाकीत अडकवली, मागच्या स्टँडवरून एक चकचकीत बाटली उचलली आणि विचारलं, “शेठ, टॉनिक टाकू का?”

तो ‘ॲडिटिव्ह’ म्हणाला असता तर मी नक्की नको म्हणालो असतो. ‘टॉनिक’ म्हणाला आणि माझी मान हलली. साडेतीनशे रुपये, दोनशे मिली. जीएसटीसकट.

त्या खेपेला वाशीहून परत येताना कसारा घाटात गाडी अशी काही ओढत होती, की मी गाणं म्हणायला लागलो. घरी आल्या आल्या सांगितलं, “औषध लागू पडलं. पिकअपचा पिकअप वाढला.”

सौ. भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, “जाताना माल होता ना?”

“हो. दीड टन.”

“आणि येताना?”

मी हातपाय धुवायला गेलो.

तरीही पुढच्या दोन टाक्यांना बाटली पडलीच. एकदा सुरू केलेलं औषध मध्येच सोडू नये, हे आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. शिवाय दाजी माझ्या बाजूने होते. दाजी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरल्यामुळे ते कशाकडेही डोळे बारीक करून बघतात, जेवणाच्या ताटाकडेसुद्धा. दिवाळीला आले तेव्हा त्यांनी ओसरीवर बसून मला डिझेलची अख्खी कुंडली मांडून दाखवली.

“पाव्हणे, पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक असायचं. बीएस-३ ला साडेतीनशे पीपीएम. बीएस-४ ला पन्नास. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे फक्त दहा.”

पीपीएम आम्हाला कुणी शिकवायला नको. पोपटी अवस्थेत घडांवर जीएची पहिली फवारणी दहा पीपीएमची असते. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम. दोन ग्रॅम पडला तर काय होतं ते मी एका वर्षी बघितलंय, त्यामुळे दहा या आकड्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

“मग चांगलंच झालं की,” मी म्हणालो.

“चांगलं धुरासाठी. पण रिफायनरीत गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक ओशटपणापण निघून जातो. डिझेल कोरडं पडतं. आणि तुमच्या गाडीचा तो हाय प्रेशर पंप असतो ना, त्याला वेगळं वंगण नाही. डिझेल हेच त्याचं तेल. रेलमध्ये प्रेशर किती माहितीये? सोळाशे बारच्या वर. तुमच्या मागच्या टायरमधल्या हवेच्या चारशे पट धरा. तिथे कोरडं डिझेल गेलं तर?”

मला ओसरीवरच घाम फुटला. दाजींची ही पद्धतच आहे. ते आधी माणसाला घाबरवतात आणि मग चकली मागतात.

पुढचं मात्र त्यांनी सांगितलं नाही, ते मी नंतर शोधून काढलं. डिझेल कोरडं पडतं हे रिफायनरीवाल्यांनाही कळतं. म्हणून ते वंगणाचं औषध तिथेच घालून पाठवतात. त्याची परीक्षाही आहे, आणि ती मला फार आवडली. सहा मिलिमीटरची पोलादी गोळी घ्यायची, साठ अंश तापलेल्या डिझेलात बुडवून पोलादाच्याच चकतीवर घासायची. सेकंदाला पन्नास वेळा, सव्वा तास. मग गोळीला पडलेला घट्टा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. आपल्याकडे तो ४६० मायक्रॉनच्या आत असला तर डिझेल पास. सव्वा तास गोळी घासणारा एक माणूस कुठेतरी पांढरा कोट घालून बसलाय आणि इकडे मी साडेतीनशे रुपये देऊन त्याच्यावर अविश्वास दाखवतोय, या विचाराने मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

दाजींचं ज्ञान कारखान्यातलं कमी आणि मोबाईलमधलं जास्त होतं, हेही तेव्हाच उघड झालं. ते अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांचे व्हिडिओ बघतात. तिथला पिकअप म्हणजे आमच्या ओसरीएवढा. तो माणूस टोपी घालून, मिशीला बर्फ लागलेल्या अवस्थेत, टाकीत बाटली ओततो आणि इंजिन गुरगुरतं. दाजींना ते फार पटतं. पण त्या देशात डिझेलचा सीटेन आकडा, म्हणजे ते किती चटकन पेट घेतं याचा गुण, किमान चाळीस असला तरी चालतो. आपल्याकडे किमान एक्कावन्न लागतो. त्यांच्याकडे त्या गोळीचा घट्टा ५२० मायक्रॉनपर्यंत माफ आहे, आपल्याकडे ४६०. तिकडे उणे तीसमध्ये डिझेलातलं मेण गोठून फिल्टर चोंदतो. आमच्या निफाड तालुक्यात पारा चार-पाच अंशांवर आला की पेपरात शेकोटीचा फोटो येतो आणि द्राक्षवाले रात्री बागेत पाणी सोडून धूर करतात, एवढीच काय ती थंडी. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल काढलं, ते लडाखला लागतं म्हणून. दाजी मात्र लासलगावचा कांदा मिनेसोटाच्या पथ्यावर ठेवायला निघाले होते.

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, या सगळ्या चर्चेत एकच गोष्ट कळत नव्हती. “पण यात रॉकेल किती टाकायचं?”

त्यांचा काळ वेगळा. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. थंडीत ते सुरू होत नसलं की हवा ओढायच्या तोंडाशी चिंध्यांचा काकडा पेटवून धरायचे आणि एकजण हँडल मारायचा. पहाटे गावात देवळात एक काकडा आणि मळ्यात दुसरा, आणि मळ्यातल्या काकड्यावर भक्ती जास्त. डिझेलात थोडं रॉकेल, ऑइलात थोडं जुनं ऑइल, पाइपला तोंड लावून हवा काढायची, थुंकायचं, शिवी द्यायची, इंजिन धडधडायचं. इंजिन अण्णांच्या हाताखालचं होतं. त्यांनी त्याला काहीही पाजलं तरी ते पचवायचं.

माझ्या पिकअपचं बॉनेट उघडलं की वरून काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. त्याखाली काय आहे ते मला माहीत नाही आणि माझ्या हाताला तिथे काही कामही नाही. अण्णांनी पहिल्या दिवशी त्या झाकणावर हात फिरवला, थोपटलं आणि बॉनेट बंद केलं. दुसऱ्याच्या म्हशीला थोपटतात तसं. या अख्ख्या गाडीत माझा हात जिथे पोहोचतो अशी जागा एकच उरलीय, डिझेलचं झाकण. माणूस मग तिथेच काहीतरी करून घेतो.

याच सुमाराला चुलतभावाने मोठी गाडी घेतली, दोन टाक्यांची. निळ्या झाकणाच्या छोट्या टाकीत डीईएफ घालायचं असतं. ते धुराच्या नळीत फवारलं जातं, डिझेलशी त्याचा संबंध येत नाही. त्यात युरिया असतो असं कळल्यावर तो संध्याकाळी आमच्याकडे आला.

“दादा, बादलीला एवढे पैसे घेतात. आपल्या शेडमध्ये पंचेचाळीस किलोची गोणी पडलीय, पावणेतीनशेच्या आतली. विरघळवून टाकू का?”

मी त्याला समजावलं की डीईएफमध्ये युरिया साडेबत्तीस टक्के, मोजून, आणि बाकीचं पाणी क्षार काढलेलं. आपलं बोअरचं पाणी चहाच्या भांड्याला पांढरं पुट चढवतं. त्यातून सरकारने २०१५ पासून सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा केलाय.

“म्हणजे धुराला कडुनिंबाचा वास येईल?”

“गाडी बंद पडेल.”

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “डासही जातील पण.”

आता माझ्या प्रयोगाबद्दल. बागेत नवं औषध मारलं की आम्ही दोन ओळी तशाच सोडतो, म्हणजे फरक कळतो. तसंच मी ठरवलं, चार टाक्या टॉनिकच्या आणि चार बिनटॉनिकच्या. शंभर पानी वही केली, तारीख, किलोमीटर, लिटर, ॲव्हरेज. टॉनिकचं ॲव्हरेज आलं १२.१. बिनटॉनिकचं १२.३. पण बिनटॉनिकच्या एका टाकीत मुलीच्या ॲडमिशनसाठी तीन वेळा रिकामी गाडी नाशिकला गेली होती, आणि टॉनिकच्या एका टाकीत घोटीजवळ दीड तास ट्रॅफिकमध्ये इंजिन चालू होतं. वही मी कपाटात ठेवली. मागच्या पानांवर सौ. दुधाचा हिशेब लिहिते, तो बरोबर असतो.

आणि मग एका सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

पहिला संशय डीपीएफवर गेला. धुरातली काजळी धरून ठेवणारी ती चाळणी असते. गाडी हमरस्त्यावर चांगली पळाली की सहाशेच्या आसपास अंशांना ती काजळी जळून जाते. बाजार ते मळा अशा चार-चार किलोमीटरच्या खेपा मारत राहिलं की जळत नाही, साठत जाते. मी लगेच गाडी काढली आणि चांदवडपर्यंत पळवून आणली. दिवा तसाच. गाडीच्या पुस्तकात बघितलं तर चित्र वेगळंच निघालं, फिल्टर आणि खाली थेंब. त्याच पानावर खाली एक ओळ होती, की डिझेलात बाहेरचं कुठलंही द्रव्य मिसळू नये. दोन वर्षं हे पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात पंचांगाखाली होतं.

गावातल्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी काही विचारलं नाही. चहाचा रिकामा ग्लास घेतला, गाडीखाली सरकले, फिल्टरच्या तळाची चकती दोन वेढे सैल केली. आधी थेंब, मग बारीक धार. ग्लास भरल्यावर बाहेर आले आणि तो उन्हात धरला. वर डिझेल, पिवळसर. खाली अंगठ्याएवढं स्वच्छ पाणी. दोघांच्या मधोमध एक काळी, शेवाळासारखी रेघ हलत होती.

“डिझेल कुठून भरता?”

“पंपावरनं.”

मेस्त्री नुसते बघत राहिले.

“कधीकधी घरच्या पिंपातनं,” मी म्हणालो.

ट्रॅक्टरसाठी अण्णा दोनशे लिटरचं पिंप भरून ठेवतात. अर्धं रिकामं पिंप पत्र्याच्या शेडमध्ये दिवसा तापतं, रात्री गार होतं, आतल्या हवेतलं पाणी भिंतीवरून ओघळत तळाला जातं. पावसाळ्यात विचारायलाच नको. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भेटतात तिथे ती काळी जीवसृष्टी वाढते. रात्री-अपरात्री पंप लांब वाटला की त्याच पिंपातून कॅन भरून मी पिकअपला पाजत होतो.

“पण मी टॉनिक टाकत होतो. त्यावर लिहिलंय, पाण्याचा बंदोबस्त करतं.”

मेस्त्रींनी बाटली मागितली, उलटसुलट करून वाचली. “बंदोबस्त दोन प्रकारचा असतो, शेठ. एक औषध पाणी वेगळं करतं, ते तळाला बसतं, आपण सोडून देतो. दुसरं पाणी डिझेलात घुसळून टाकतं, ताकासारखं. ते फिल्टरला चकवून पुढे जातं. सोळाशेच्या प्रेशरने ते इंजेक्टरच्या तोंडातून निघालं तर एका इंजेक्टरच्या पैशात तुमची म्हैस येईल.”

“मग हे कुठलं आहे?”

“ते लिहिलं नाही.”

नवा फिल्टर टाकला. पैसे तीन बाटल्यांच्या आतच झाले. निघताना मी विचारलं, “मेस्त्री, तुम्ही तुमच्या गाडीत काय टाकता?”

“डिझेल,” ते म्हणाले, आणि परत गाडीखाली गेले. दुसऱ्याच्या.

आता दर पंधरा दिवसांनी मी तीच चकती सैल करून ग्लास उन्हात धरतो. हाताला काम मिळालंय. पंपावरचा पोरगा अजून विचारतो, मी नको म्हणतो, आणि दर वेळी आत कुठेतरी चुकल्यासारखं होतं. पिंप आम्ही उपसून, वाळवून उलटं घातलंय. त्यावर आता मांजर झोपतं.

एक अर्धी बाटली तेवढी शिल्लक होती. टाकवत नव्हती आणि वापरवत नव्हती. परवा शेडकडे गेलो तर अण्णा दाराशी उकिडवे बसलेले. त्या दाराची कडी आठ वर्षं गंजून बसलीय, दगडाने ठोकल्याशिवाय उघडत नाही. अण्णांच्या हातात माझी बाटली आणि एक कापसाचा बोळा. त्यांनी कडीवर थोडं सोडलं, थांबले, बोटाने ढकललं. कडी आवाज न करता सरकली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

“औषध चांगलंय रे,” अण्णा म्हणाले. “किती टाकायचं असतं?”