पोचवाले तात्या

तात्यांच्या घरी पाहुण्याला आधी पाणी मिळत नाही, आधी भिंत दाखवतात. परंड्यात नव्या प्लॉटिंगकडं दोन खोल्या, पुढं ओटा, वर काळी टाकी असं त्यांचं घर. मधल्या दाराच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेली भेग तिरपी चढत स्लॅबपर्यंत गेलीय. तिच्या कडेनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंदी आहेत. '12 मार्च, पोस्टकार्ड जातं.' '3 एप्रिल, रुपया जातो.' '9 मे, रुपया सुटला, आत पडला.' तो रुपया अजून भिंतीतच आहे. नुकसानीच्या यादीत तात्यांनी तोही मांडलाय.

दिवाळीला घराला रंग दिला, तेव्हा भेगेच्या दोन्ही बाजूंनी वीतभर पट्टा तसाच सोडला. पुराव्याला हात लावायचा नाही. त्यामुळं सगळं घर आंबा कलरचं आणि मधनंच जुना निळा ओघळ. गौरी-गणपतीत काकू त्यावरून साडी सोडतात. "घरात आमी दोघं आन् ही एक सवत," असं त्या म्हणतात.

क्लेम करणाऱ्या माणसाची एक तऱ्हा असते, आणि आमच्या जिल्ह्यात ती पीक विम्यानं घडवली. रानात पाणी तुंबलं की तेव्हा 72 तासांच्या आत कळवावं लागायचं, हे इकडं पोराला बाराखडीच्या आधी समजायचं. 2023 साली एक रुपयात पीक विमा निघायला लागला, तेव्हा अख्ख्या गल्लीचे अर्ज तात्यांनी भरले. तिथंच त्यांना 'पोच' या शब्दाचा नाद लागला. कुणी "अर्ज दिला" म्हणालं की तात्या चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "पोच घेतली का?" भाच्याच्या लग्नात आहेराच्या वहीत नाव चढलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते पंगतीला बसले नाहीत. अभिषेकाची पावती मिळते म्हणून देवावर त्यांचा विश्वास आहे. आमच्या तालुक्याला लिहिण्याचं अंगच आहे म्हणा. समर्थांनी सांगायचं आणि कल्याणस्वामींनी उतरवून घ्यायचं. त्या कल्याणस्वामींचा मठ इथंच सीनेकाठी डोमगावला. फरक एवढाच, की तात्या सांगतातही आणि उतरवूनही घेतात.

तर भेग पडली आणि तात्यांनी गृहकर्जाची फाईल उपसली. आत एक पॉलिसी निघाली. कर्ज देताना बँकेनं हप्त्यात घालून दिलेली. सही तात्यांचीच, वाचली कुणीच नव्हती. 1 एप्रिल 2021 पासून देशातल्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच साच्याची पॉलिसी द्यावी लागते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर आणि त्याच ओळीत घराखालची जमीन खचणं. तात्यांनी त्या शब्दांखाली लाल रेघ मारली आणि त्या रात्री, काकूंच्या म्हणण्याप्रमाणं, ते झोपेत हसले.

पहिली अडचण तारखेची. फॉर्मवर नुकसानीची तारीख विचारलेली. आग लागते त्याला तारीख असते. भेग काय पत्रिका छापून येते का? तात्यांनी '9 मे, दुपारी रुपया पडला त्या वेळी' असं लिहिलं. दुसरी अडचण नावाची. पॉलिसीवर जिल्हा उस्मानाबाद, आधारवर धाराशिव; एका कागदावर परंडा, दुसऱ्यावर परांडा. माणसाचं नाव दोन तऱ्हेनं लागलं तर 'दोन्ही इसम एकच' असं प्रतिज्ञापत्र करतात. तात्यांनी ते गावाचं केलं. त्यात जोडीला एक परिच्छेद इतिहासाचाही घातला. बहमनी काळातला आमचा भुईकोट, त्यावर एकेकाळी मलिक-ए-मैदान तोफ होती, पंचावन्न टनांची. 1632 साली ती विजापूरला नेली. 'एवढी तोफ ज्या गावच्या बुरजानं पेलली, त्या गावची जमीन माझ्या दोन खोल्यांनी खचावी, ही नैसर्गिक आपत्ती नव्हे काय?' कंपनीनं या मुद्द्याचं उत्तर आजतागायत दिलेलं नाही.

उत्तर खरं तर आमच्या आजोबांना ठाऊक होतं. गावाला दोन भुया असतात: काळी आणि पांढरी. काळी पिकायला, पांढरी राहायला. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हानं आक्रसते. चैत्रात रानातल्या भेगांत पोराचा पाय जातो. तिच्यावर घर बांधणं म्हणजे झोपलेल्या म्हशीच्या पाठीवर देव्हारा मांडणं. पण पांढरीत आता जागा कुठाय? काळ्या रानाचे प्लॉट पडले, एनए झालं, चुन्याच्या रेघा ओढल्या. गवंडी सांगत होता, "मुरूम लागंस्तवर खांदा." तात्या चार फुटांवर थांबले आणि बाहेरून दोन ट्रॉल्या मुरूम आणून ओतला. मुरूम लागला काय आणि लावला काय, त्यांच्या हिशेबानं सारखंच.

पत्रव्यवहाराच्या या गडबडीत पाऊस पडला. मृग, आर्द्रा असं करत जमीन पाणी प्याली, फुगली. श्रावणात सोलापूरहून सर्व्हेअर आला, तेव्हा भेग शहाण्या सुनेसारखी मिटून बसली होती. सर्व्हेअरनं बॅटरी मारली, खिशातलं व्हिजिटिंग कार्ड घालून बघितलं. जाईना. तात्या कासावीस. "साहेब, उन्हाळ्यात या हो. उन्हाळ्यात हात जातो."

"जमीन खचलीय का घर बसलंय?" साहेबांनी विचारलं.

या एका प्रश्नात सगळा क्लेम असतो. पॉलिसीची भाषाच तशी आहे. जमीन खचली तर पैसे. नवं बांधकाम आपल्या भारानं बसलं, भरावाची माती हलली, बांधकामात खोट निघाली, शेजारी खोदकाम चाललं, तर नाही. कमी बोलणारा माणूस इथं तरला असता. पण साहेब एवढ्या लांबून आलेले, चहा झालेला, ऐकून घेणारा माणूस तात्यांना वर्षात प्रथमच भेटलेला. त्यांनी मन मोकळं केलं. घर नवं आहे, तीनच वर्षं झाली. खाली मुरमाचा भराव आहे, स्वतः उभं राहून टाकून घेतला. गवंडी तसा कच्चाच होता. आणि शेजाऱ्यानं परवाच भिंतीला लागून शोषखड्डा घेतला, त्याचंही लिहा. साहेब लिहीत गेले. पॉलिसीत जेवढे म्हणून अपवाद छापलेत, तेवढे तात्यांनी आपल्या तोंडानं, क्रमानं, पुराव्यासकट दिले. वर जाताना विचारलं, "पोच?"

दिवाळीच्या सुमारास क्लेम फेटाळल्याचं पत्र आलं. तात्या खचले नाहीत. बसलेही नाहीत. आधी कंपनीकडंच तक्रार केली, महिना वाट बघितली आणि पुण्याच्या विमा लोकपालाकडं अर्ज धाडला. तिथं फी नाही आणि वकील चालत नाही, हे कळल्यावर त्यांना आपल्याचसाठी काढलेलं हे ऑफिस आहे असं वाटलं.

आम्ही गल्लीतले लोक त्यांना हसायचो. मी जास्तच. मग 2025 चा सप्टेंबर आला. सीनेला कुणी बघितला नव्हता असा पूर आला, तालुक्यातली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. घरं पडली, जनावरं गेली, रानातली मातीच वाहून गेली. तिथं भेगेचं कोण विचारणार? तात्यांनी पंधरा दिवस स्वतःच्या भिंतीकडं बघितलं नाही. कार्बन पेपर, शाईचं पॅड आणि पाण्याची बाटली घेऊन तहसीलच्या आवारातल्या झाडाखाली बसायचे. पंचनाम्यात नाव सुटलेली माणसं यायची. भिजलेलं आधार उन्हात वाळवायचं, अर्ज लिहायचा, अंगठा घ्यायचा. आणि प्रत्येकाला आत पाठवताना तेच: "पोच घेतल्याबिगर बाहेर यायचं नाही." बाहेर आलेला माणूस शिक्क्याचा कागद दाखवायचा, मगच पुढचा अर्ज सुरू. त्या कागदांवर पुढं कुणाकुणाला पैसे मिळाले. तात्यांनी चहासुद्धा घेतला नाही. मी त्यानंतर हसायचं जरा कमी केलंय.

तात्यांचं पुण्याचं प्रकरण चालू आहे. काचेची एक पट्टी त्यांनी भेगेवर आडवी सिमेंटनं चिकटवलीय, तारीख घालून; भिंत हलली की काच तडकणार. परंड्याकडं कुणाला काळ्या रानात प्लॉट घ्यायचा असेल, तर आधी येऊन ती बघून जा. फक्त चैत्र-वैशाखात या. पावसाळ्यात बघण्यासारखं काही नसतं.