दाढ तुमची, घाई कुणाची?

पनवेलमध्ये अक्कलदाढ ठणकायला लागली की पहिलं निदान कोण करतं? सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. 'लवंग धरा'पासून 'लगेच काढून टाका'पर्यंत सगळे सल्ले चहा गार व्हायच्या आत येऊन पडतात. दाढ मात्र एकानेही पाहिलेली नसते.

एखाद्या काकू हमखास बजावतात, 'वरची दाढ काढू नका हं, नजर जाते.' डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. पण दाढ काढल्यावर काकूंना चष्मा लागला, हे खरं. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, हेही खरं.

दोष दाढेचा.

बरं, ही दाढ येते कधी? साधारण सतरा ते पंचविशीत, म्हणजे जबड्यातल्या सगळ्या जागा भरल्यावर. जगात पाचातल्या साधारण एकाला एखादी तरी अक्कलदाढ येतच नाही, त्याचं काही अडत नाही. चारही सरळ आल्या त्याचंही अडत नाही. अडतं ते मधल्यांचं. कुणाची आडवी, कुणाची तिरकी, कुणाची अर्धी बाहेर आणि अर्धी हिरडीखाली. दवाखान्याचं भाडं निघतं ते या मधल्यांच्या जिवावर.

आता लाखमोलाचा प्रश्न. दुखत नाही, सुजत नाही, किडलेली नाही, तरी काढायची का?

दात साफ करायला गेलेल्या माणसाला एक्स-रे दाखवला जातो. 'ही बघा, आडवी आहे. आज ना उद्या त्रास देणारच.' आज ना उद्या! असं ज्योतिषी म्हणाला तर आपण हसतो. खुर्चीत आडवं करून, तोंडात आरसा घालून कुणी म्हणालं की मान डोलावतो.

ब्रिटनमध्ये 'नाइस' नावाची संस्था तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला कोणते उपचार करावेत, कोणते नकोत, हे सांगते. तिने २००० सालीच बजावलं की हिरडीत अडकलेली असली तरी निरोगी अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून सरसकट काढू नका. तिथे बिल सरकार भरतं. आपल्याकडे तुम्ही भरता.

फरक कळला?

दुसरी ठेवणीतली भीती: 'ही दाढ ढकलेल आणि पुढचे दात वाकडे होतील.' ऐकायला पटतं. एवढ्याशा कारणावरून दाढ काढावी असा ठोस पुरावा मात्र अभ्यासांतून काही मिळालेला नाही. पुढचे दात वयानुसार थोडे दाटीवाटीने बसतात. ज्यांना अक्कलदाढ आलीच नाही, त्यांचेसुद्धा.

एवढं वाचून 'बघा, मी म्हणत नव्हतो?' असं म्हणत जे गृहस्थ खूश झाले, त्यांनी खिसा तपासावा. त्यात पेनकिलरची पट्टी असेल.

ही दुसरी जमात. दर दोन महिन्यांनी गाल सुजतो. अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीचं झाकण असतं, त्याखाली अन्न अडकतं, पू होतो. गृहस्थ मेडिकलवाल्याला गाल दाखवतात, तो उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या कापून देतो. दुखणं थांबतं. दाढ तिथेच, झाकण तिथेच. गृहस्थ मात्र 'ऑपरेशन टाळलं' म्हणून मिरवतात.

टाळलं कसलं, हप्ते पाडून घेतलं.

असा त्रास पुन्हा पुन्हा झाला, दाढ किडली, शेजारची चांगली दाढ पोखरायला लागली किंवा मुळाशी गाठ दिसली, तर काढणंच शहाणपणाचं. त्या ब्रिटिश नियमालाही पुढे टीका ऐकावी लागलीच. वाट बघता बघता शेजारच्या दाढा किडल्या, आणि लोक दाढ काढायला आले तेव्हा वय वाढलेलं. तरुणपणी जखम लवकर भरते. पन्नाशीत हाडही हट्टी झालेलं असतं, माणसासारखं.

आणि सूज गळ्याकडे उतरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर लेख वाचत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

ठरलं, काढायची. कुठे?

इथे पनवेलकर जागा होतो आणि विचारतो, 'किती घेणार?' टपाल नाक्यावर एक भाव, नवीन पनवेलला दुसरा, खांदा कॉलनीत तिसरा. तिन्हीकडचे भाव पाठ होतात. काढणार कोण, हे विचारायचं तेवढं राहून जातं.

कारण पाटीवर नाव असतं एकाचं आणि आडवी दाढ काढायला येतो दुसराच. जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस झालेला सर्जन ठरलेल्या वारी येतो, तीन-चार दाढा काढतो आणि पुढच्या दवाखान्यात जातो. यात गैर काहीच नाही, उलट चांगलंच आहे. सरळ आलेली दाढ नेहमीचा डॉक्टर काढेल. हाडात रुतलेलीला त्यातलाच माणूस हवा. पण आपला गाल कुणाच्या हाती जाणार, हे त्याच्या हातात हत्यार आल्यावर कळावं का?

नवरा-बायको फ्रिज घेताना सर्व्हिस सेंटर विचारतात.

खालच्या जबड्यातून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. दाढेचं मूळ कधी कधी तिच्या अगदी लगत असतं. ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, तेवढं दाखवतो. मूळ नसेवर आल्यासारखं वाटलं तर सीबीसीटी स्कॅन करून खात्री करता येते. नस दुखावली तर ओठ बधिर होतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो, क्वचित कायमचा राहतो. जोखीम फार असेल तर मुळं तशीच ठेवून दाढेचा वरचा भाग तेवढा कापण्याचीही पद्धत आहे. हे सगळं डॉक्टरने न विचारता सांगितलं, तर तिथेच थांबा. 'काही नाही हो, दोन मिनिटांचं काम,' म्हणाला, तर निघा.

स्वस्तात हवंय? पनवेलला लोकल पकडा. कामोठ्याला एमजीएमचं डेंटल कॉलेज, खारघरला वायएमटी, नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा. आणखी पुढे जायची तयारी असेल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी कॉलेज, मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर. रांग असते, खेपा पडतात. पण खर्च कमी आणि पाठीशी प्राध्यापक उभा.

'छे, तिथे विद्यार्थी काढतात!' असं नाक मुरडलं जातं. तेच नाक घरातल्या मुलीला त्याच कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून वर्षभर नवसाला बसलेलं असतं.

लेक शिकली पाहिजे. दुसऱ्याच्या दाढेवर.

विम्याची आशा असेल तर पॉलिसी वाचा. बहुतेक पॉलिसींच्या लेखी दात हा शरीराचा भाग नसतो. अपघातात पडला, तर मात्र असतो.

आणखी एक अडचण. दाढ काढायला तोंड उघडावं लागतं. वर्षानुवर्षं गुटखा चघळून काहींचं दोन बोटंसुद्धा उघडत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली.

पुड्या उघडतात. तोंड नाही.

दाढ निघाल्यावरचा उपदेशही ठरलेला: त्या दिवशी चूळ भरू नका, स्ट्रॉने पिऊ नका, सिगारेट ओढू नका. खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निसटली तर हाड उघडं पडतं आणि मग जो ठणका लागतो, त्यापुढे आधीची दाढ बरी वाटते. सगळे मान डोलावतात. जिन्यात काडी पेटते.

तेव्हा भाव विचारून झाला असेल, तर पैसे देण्याआधी एवढंच विचारा: रात्री अकराला रक्त थांबलं नाही, तर फोन कोण उचलणार? ज्याने दाढ काढली तो तेव्हा डोंबिवलीत असेल. रिसेप्शनवरची ताई घरी गेलेली असेल. व्हॉट्सॲप ग्रुप जागा असेल, पण तो लवंगच सांगेल.

नंबर मिळाला, तर दाढ द्या.