नवे पथक दाखवण्याचा कार्यक्रम: नवशिक्या लेखकांसाठी आठ पायऱ्या

समजा, तुम्ही एका अमेरिकी गुन्हेमालिकेचे लेखक आहात. मालिका बरी चालली आहे आणि वरून निरोप आला आहे: हिला एक धाकटी बहीण हवी. धाकटीसाठी स्वतंत्र नमुना भाग काढायचा तर खर्च फार. म्हणून चालू मालिकेच्याच एखाद्या भागात नवे पथक आणून बसवायचे. पसंत पडले तर नवी मालिका, नाही पडले तर तो भाग नेहमीचाच म्हणून खपून जातो. तिकडे याला 'बॅकडोअर पायलट' म्हणतात. आपल्याकडे हाच कार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, फक्त त्यात कांदेपोहे असतात.

पायरी 1: मुहूर्त. शक्यतो एप्रिल-मे धरा. मेच्या मध्यावर वाहिन्या न्यूयॉर्कमध्ये जाहिरातदारांना बोलावून पुढच्या हंगामाचे वेळापत्रक जाहीर करतात. त्याआधी मुलगी दाखवून झालेली बरी. 'सीएसआय: मायामी'चे पथक 9 मे 2002 ला दाखवले, 'एनसीआयएस'चे 22 एप्रिल 2003 ला, आणि 'एनसीआयएस'च्या लॉस एंजेलिस शाखेचे 28 एप्रिल 2009 ला. म्हणजे आपल्यासारखीच लग्नसराई, आमरस वजा.

पायरी 2: प्रवासाचे निमित्त. गुन्हेगाराने खून जुन्या पथकाच्या गावात करावा आणि पळावे नव्या पथकाच्या गावात. 'सीएसआय'मध्ये लास वेगासला एका माजी पोलीस अधिकाऱ्याचा खून होतो, त्याच्या बायको-मुलीला पळवून नेतात आणि माग निघतो थेट मायामीला. वेगासभोवती लपायला अख्खे वाळवंट पडले आहे, मायामी साडेतीन हजार किलोमीटर लांब. पण नवी मालिका मायामीची ठरलेली, तिथे बिचारा गुन्हेगार तरी काय करणार? त्याच्यामागे जुन्यांपैकी दोघांनाच पाठवा. सगळे वऱ्हाड गेले तर नव्यांच्या वाट्याला संवाद उरत नाहीत.

पायरी 3: साहित्य. एक दुःखी प्रमुख, एक त्याचा भरवशाचा माणूस, एक नेमबाज मुलगी, एक संगणकवाला, प्रयोगशाळेत एक विक्षिप्त. प्रत्येकाला एकेक लकब वाटून द्या: कुणाला काळा चष्मा, कुणाला कॉफी. मात्र घाई नको. आपल्या 'सीआयडी'त शिवाजी साटम हवेत बोटे फिरवू लागले की घरोघरी पोरे नक्कल करायची, आणि दया दारासमोर उभा राहिला की दाराची कीव यायची. ती माया वर्षानुवर्षे दर आठवड्याला थोडी थोडी जमलेली होती. तुमच्या हातात जाहिराती वगळून चाळीस-बेचाळीस मिनिटे आहेत, त्यातली निम्मी प्रेताला लागतात.

पायरी 4: एक माणूस जादा घ्या. पथकातल्या एकाच्या नावाची पाटी पेन्सिलीने लिहा. 'एनसीआयएस'च्या नमुन्यात व्हिव्हियन ब्लॅकॅडर होती. मालिका सुरू झाली तेव्हा तिच्या जागी केट टॉड आली. लॉस एंजेलिसच्या नमुन्यात प्रमुख होती लारा मेसी. मालिकेत साहेबीण म्हणून हेटी आली, आणि पुढच्या वर्षी मूळ मालिकेत मेसीचा मुडदाच पाडला. 'क्रिमिनल माइंड्स: बियाँड बॉर्डर्स'च्या नमुन्यातली ॲना गन मालिकेपर्यंत पोचलीच नाही. तेव्हा या जादा माणसाला फार करुण भूतकाळ देऊ नका. वाया जातो.

पायरी 5: शिफारस. जुन्या नायकाच्या तोंडी एक वाक्य घाला: 'माणूस तिरसट आहे, पण त्याच्यासारखा तपास कोणी करत नाही.' हे 'मुलगी अबोल आहे, पण सुगरण आहे'च्या चालीवर म्हणावे. नवशिक्यांची सगळी मदार याच पायरीवर असते आणि इथेच पाय घसरतो. स्थळ मामाने आणले म्हणून मुलगी आवडत नाही. 'क्रिमिनल माइंड्स'ने 2010 मध्ये दाखवलेल्या पथकाचा प्रमुख होता ऑस्करविजेता फॉरेस्ट व्हिटेकर. घराणे नामांकित, मुलगा हुशार. तरी त्या पथकाची मालिका 'सस्पेक्ट बिहेवियर' 13 भागांत आटोपली.

पायरी 6: शिफारस खोडा, भांडण लिहा. यासाठी 'जॅग'मधला 'आइस क्वीन' हा भाग पुन्हा पाहा. 'जॅग' ही अमेरिकी नौदलाच्या वकिलांची मालिका. तिच्यातलेच एक ओळखीचे पात्र, लेफ्टनंट लॉरेन सिंगर, मेलेले सापडते. तपासाला गिब्स नावाचा परका माणूस आपले 'एनसीआयएस'चे पथक घेऊन येतो. त्याचा संशय जातो तो हार्मन रॅबवर, म्हणजे प्रेक्षकांनी आठ हंगाम डोक्यावर घेतलेल्या नायकावर. संशयावर थांबत नाही, अटकही करतो. गिब्सचे गोडवे गायला इथे कोणालाच सवड नाही आणि त्यालाही कोणाला खूश करायचे नाही. प्रेक्षक त्याच्यावर चिडतो, आणि चिडलेला माणूस वाहिनी बदलत नाही. खाली मान घालून पोहे आणायच्या ऐवजी मुलीने घरमालकालाच बेड्या घातल्या, तर पाहुणे ते घर विसरतील कसे?

पायरी 7: निरोप. पाहुणे उठायच्या आत गोळी झाडा. लॉस एंजेलिसच्या पथकाचा नायक कॅलन नमुन्याच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी भर रस्त्यात गोळ्या लागून कोसळतो. त्याची आपली ओळख जेमतेम दोन आठवड्यांची, तरी उन्हाळाभर काळजी लागून राहते. मालिका 14 हंगाम चालली, म्हणजे जखम मानवली म्हणायची.

पायरी 8: 'कळवतो'. हे उत्तर पचवायला शिका. 2013 च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसवाल्यांनी आपल्या घरी 'रेड' नावाचे फिरते पथक दाखवले. गावोगाव हिंडणारे, एकत्र राहणारे. वाहिनीने मालिका घेतली नाही आणि ते बिऱ्हाड जे गेले ते गेलेच. मुहूर्ताला बोल लावू नका. पुढच्याच मार्चमध्ये 'एनसीआयएस'ने दाखवलेले न्यू ऑर्लिन्सचे पथक सात हंगाम नांदले.

सावधगिरीची सूचना. कार्यक्रम फसला तर एक भाग वाया जातो, एवढेच. जमला तर जास्त जपावे लागते. ज्या गिब्सने यजमानाला बेड्या घातल्या, त्याची मालिका 2003 च्या सप्टेंबरात सुरू झाली. 'जॅग' 2005 मध्ये संपली. 'एनसीआयएस'ने विशी ओलांडली, लेकी उजवल्या, आणि आज 'जॅग'ची ओळख द्यायची तर 'एनसीआयएस'ची आई अशी द्यावी लागते. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. तेव्हा नव्या पथकाला जरूर ओसरी द्या, पण माजघराची किल्ली कनवटीलाच असू द्या.